तेराव्यापर्यंत पुसायचे नाही

शाळेतल्या फळ्याशी माझी गल्लत करू नका, मित्रांनो. त्याच्यावर बेरजा-वजाबाक्या होतात आणि तास संपला की सगळे पुसले जाते. मी रस्त्यावरचा फळा आहे. डोंबिवली पश्चिमेला कोपरकडे जाताना जो बाजाररस्ता लागतो, त्याच्या वळणावर पिठाच्या गिरणीच्या भिंतीपुढे मी दोन लोखंडी पायांवर उभा आहे. माझ्या माथ्यावर ‘व्यापारी मंडळ, वार्ताफलक’ असे लिहिले आहे. वय विचाराल तर चाळीसच्या पुढचे. अंगाचे टवके उडाले आहेत, उजवा पाय गंजला आहे, पण मान अजून ताठ आहे. ती खाली घालावी असे काही मी केलेले नाही.

माझा जन्म खडवलीचा. तिथे एक भातगिरणी मोडीत निघाली होती. तिच्या सागवानी दारातून गोमाजी सुताराने मला कापून काढले. रंधा मारताना तो माझ्याशी बोलत असे. म्हणाला, “दार होतास तवा लोकांना आत-बाहेर करायचास. आता एका जागी उभा राहा आन् लोकांना चार गोष्टी सांग.” मला तेव्हा वाईट वाटले होते. दाराला निदान उघडता-मिटता येते. पुढे कळले की उभे राहणे हेही काही कमी कष्टाचे काम नसते.

व्यापारी मंडळ तेव्हा नुकतेच स्थापन झाले होते. कापडवाले, किराणावाले, भांडीवाले, औषधवाले असे तेवीस दुकानदार एकत्र आले होते. त्यांनी मला वाजतगाजत आणले, हळदकुंकू लावले आणि माझ्या अंगावर पहिला खडू टेकवला तो त्र्यंबकरावांनी. त्र्यंबकरावांचे वह्या-पुस्तकांचे दुकान माझ्या अगदी समोर आहे. अक्षर असे की वाचणाऱ्याने दोनदा वाचावे, एकदा मजकुरासाठी आणि एकदा अक्षरासाठी. तेव्हापासून आजपर्यंत माझ्यावर लिहिण्याचा मान त्यांचाच, सभेची सूचना तेवढी मंडळाचा सचिव लिहितो.

काय काय लिहिले गेले म्हणून सांगू! पाणी कोणत्या वारी येणार नाही, दहावीला कोणाच्या मुलीने नाव काढले, कोणाच्या किल्ल्या सापडल्या आहेत, कोणाला कोणत्या गटाचे रक्त तातडीने हवे आहे. सव्वीस जुलैच्या पुरात पाणी माझ्या कमरेपर्यंत चढले होते. फोन बंद, वीज बंद. त्र्यंबकरावांनी गुडघाभर चिखलात उभे राहून माझ्यावर सुखरूप पोहोचलेल्यांची नावे लिहिली. बायका नाव सापडले की माझ्या लाकडाला हात लावून नमस्कार करत होत्या. एवढा मान मिळाल्यावर कोणीही जरा फुगेल. मीही फुगलो, आणि तो पावसाचा परिणाम नव्हता.

मग मोबाइल आले. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. लोक माझ्यापुढे उभे राहून हातातल्या काचेत वाचू लागले. एकदा तर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सरळ माझ्या तोंडावर बांधला गेला. त्याच्या बत्तीस दातांच्या मागे मी तीन आठवडे काढले, पण कोणाला माझी आठवण झाली नाही. शेवटी त्र्यंबकरावांनी कात्री आणून तो फ्लेक्स उतरवला आणि त्या भावी नगरसेवकाच्या माणसांची बोलणीही खाल्ली.

याच पडत्या दिवसांत उत्तम आणि त्याची बायको रखमाबाई माझ्या आश्रयाला आले. खरे तर मीच त्यांच्या आश्रयाला गेलो म्हणायला हवे.

उत्तम शेलार काही आभाळातून पडलेला नव्हता. याच रस्त्याच्या मागच्या गल्लीत तो एकवीस वर्षे भाड्याने राहिला. याच दुकानांचे गठ्ठे आणि खोकी त्याने पाठीवरून वाहिली. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर त्याची इमारत धोकादायक ठरली. नोटीस लागली, माणसे बाहेर आली, इमारत पाडली. मालक म्हणाला, दोन वर्षांत नवीन बांधून देतो. आज त्या जागी गवत आहे आणि गवतात डास आहेत. उत्तम आणि रखमाबाई काही महिने टिटवाळ्याला पुतण्याकडे राहिले. पण पाहुण्याचा मुक्काम लांबला की घर लहान होत जाते. शिवाय दोघांचे काम इथेच. रखमाबाई चार घरची धुणीभांडी करायची. एके दिवशी वळकटी घेऊन दोघे परत आले आणि माझ्या पायांशी, गटाराच्या लादीवर प्लॅस्टिक अंथरून राहू लागले. दिवसा ती वळकटी माझ्या पाठीमागच्या फटीत असायची. मला तिचा भार कधीच झाला नाही.

उत्तम रोज सकाळी ओल्या फडक्याने माझा चेहरा पुसायचा. त्याला धड वाचता येत नव्हते, तरी समोर हाक मारायचा, “त्र्यंबकशेठ, पाटी तयार आहे, काय ते लिहा!” आणि त्र्यंबकरावांना त्या हाकेसाठी काहीतरी लिहावेच लागे. काहीच नसेल तर ‘आज कोणतीही वार्ता नाही’ असे लिहीत. उत्तमची झोप फार सावध होती. कुत्री भुंकली की तो उठून खोकायचा आणि शटरांवरून एक चक्कर मारून यायचा. त्याला कोणी राखणदार नेमले नव्हते, म्हणून ते कोणी मोजलेही नाही.

यंदा होळीच्या आसपास उत्तमला ताप भरला. सरकारी रुग्णालयात त्याला खाट मिळाली आणि रखमाबाईही तिकडेच बसून राहिली. त्याच दिवसांत आमच्या रस्त्यावर दोन दुकानांची कुलपे तुटली. एक रसिकाताईंचे ब्यूटी पार्लर आणि दुसरे मितेशचे कापडाचे दुकान. रसिकाताई एकट्याने दुकान चालवतात आणि सकाळी सगळ्यांच्या आधी शटर उघडतात. त्या दिवसापासून शटर उघडण्याआधी त्या दोनदा मागे वळून पाहायच्या, हे मी समोरून पाहिले आहे. त्यांची भीती खोटी होती असे मी कधीही म्हणणार नाही.

मितेश मंडळाचा सचिव आहे. आजोबांनी उभे केलेले दुकान तो चालवतो. मुलगा धडपड्या आहे, वाईट नाही. ऑनलाइन खरेदीने त्याचे गिऱ्हाईक पळवले होते आणि उरलेले गिऱ्हाईक म्हणत होते की तुमच्या रस्त्यावर माणसे आडवी पडलेली असतात, बायकांनी यायचे कसे? त्यात कुलूप तुटले. आणि नेमका त्याच वेळी पालिकेने एका नियमाचा मसुदा काढला. सार्वजनिक सुरक्षेसाठी पदपथावर, दुकानांच्या पायऱ्यांवर आणि फलकांच्या आडोशाला झोपणाऱ्यांना हटवावे आणि त्यांचे सामान जप्त करावे, असे त्यात होते. कुठे हटवावे, ते मात्र लिहिलेले नव्हते. नागरिकांनी तीस दिवसांत आपल्या हरकती आणि सूचना पाठवाव्यात, असे शेवटी म्हटले होते.

मितेशला वाटले, देव पावला. मंडळाने एकमुखाने पाठिंब्याचा ठराव करायचा, त्यावर शिक्का मारायचा आणि तीस दिवसांच्या आत पाठवायचा. व्यापाऱ्यांच्या ठरावाला वजन असते. एकेकट्या माणसाचा अर्ज फायलीत झोपतो, मंडळाचा ठराव साहेबाच्या टेबलावर उठून बसतो. पण ठरावासाठी सभा हवी आणि सभेसाठी आमच्या मंडळाचा एक जुना नियम आहे. सभेची सूचना सात दिवस आधी वार्ताफलकावर लागली पाहिजे, नाहीतर सभा रद्द. नियम जुनाट आहे म्हणाल, तर मागच्याच वर्षी पार्किंगचा एक ठराव याच कारणाने बाद झाला होता. ती हरकत कोणी घेतली होती? मितेशनेच.

मितेशने ग्रुपवर तारखा टाकल्या, सह्या गोळा केल्या, मजकूर टाइप करून घेतला. या गडबडीत अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी तो खडू घेऊन माझ्याकडे आला. त्याला जेमतेम तासाभराचा उशीर झाला होता.

आदल्या संध्याकाळी उत्तम गेला होता.

रखमाबाई सकाळी एकटीच परतली. तिने फटीतली वळकटी काढली, पुन्हा आत सारली आणि लादीवर बसून राहिली. त्र्यंबकराव दुकानातून आले. रखमाबाईने दोनच शब्दांत काय झाले ते सांगितले. त्यांनी फडके भिजवून स्वतः माझा चेहरा पुसला आणि लिहायला घेतले. ‘दुःखद निधन. आपल्या रस्त्यावरील श्री. उत्तम धोंडू शेलार, वय ६१, यांचे काल अल्पशा आजाराने निधन झाले.’ मग ‘राहणार’ एवढे लिहून त्यांचा हात थांबला. माझ्यावर शेकडो निधने लिहिली गेली, पण या शब्दापुढे खडू कधी अडला नव्हता. त्यांनी क्षणभर वर पाहिले, खाली बसलेल्या रखमाबाईकडे पाहिले आणि पुढे लिहिले, ‘या फलकाखाली’.

मित्रांनो, मी कोणाचा तरी पत्ता झालो. पुराच्या दिवसांतही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

अक्षर त्यांनी एवढे मोठे काढले होते की कडेला बोटभर जागा उरली नव्हती. आणि आमच्या रस्त्याचा रिवाज असा, की माझ्यावर निधनाची वार्ता लागली की तेरावा होईपर्यंत ती पुसायची नाही. चौदाव्या दिवशी गेलेल्याच्या घरचे माणूस येते आणि आपल्या हाताने पुसते. मध्ये पाणी बंद असो की सेल लागो, दुसरी ओळ माझ्यावर लागत नाही.

मितेशने वाचले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“काका, हे काय? मला आजच नोटीस लावायची होती. मी ग्रुपवर पण टाकलेलं.”

“ग्रुप आपल्या घटनेत नाही,” त्र्यंबकराव हात झटकत म्हणाले. “मागच्या वर्षी तूच तर समजावून सांगितलंस सगळ्यांना.”

“अहो, पण तेरा दिवस थांबलो आणि वर सात धरले तर मुदत निघून जाते! दोन दिवसांनी हुकतं.”

“मोजलंस ते बरोबर आहे.”

“पर्सनल घेऊ नका काका, पण तो आपला मेंबर कुठे होता?”

“मितेश, तुझे आजोबा गेले तेव्हा ऐन दिवाळी होती. तेरा दिवस हा फळा त्यांच्या नावाने राहिला. बाजाराची एक ओळ मी लिहिली नाही, आणि कोणी मागितलीही नाही.”

“ते आजोबा होते माझे. सगळा बाजार त्यांना ओळखायचा.”

“आणि त्यांच्या दुकानाचे गठ्ठे कोणाच्या पाठीवरून आले, ते बाजार विसरला वाटतं.”

मितेश खडू खिशात घालून गेला. पण तो हार मानणारा नाही. पाचव्या दिवशी दुपारी, दुकाने जेवणासाठी बंद होती तेव्हा, तो ओले फडके आणि दोन सभासदांना घेऊन आला. पुरे पुसायचे नाही, खालचा निम्मा भाग तेवढा मोकळा करायचा, असे त्यांचे ठरले होते. खालच्या निम्म्या भागातच तो पत्ता होता.

माझ्या डाव्या अंगाला जनीमावशी मासळीची पाटी घेऊन बसते. ती खाडीकाठच्या गावची, मंडळाच्याही आधीपासून या जागेवर बसणारी. फडके पाहताच ती पाटी तिथेच टाकून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या हाताला खवले चिकटलेले होते.

“क करतस रं बाला?”

“मावशी, बाजूला हो. मंडळाचा बोर्ड आहे.”

“मंडलाचा हाय त मंडलाला ठावं नाय का, तेरा दीस पुसाचा नाय? मेल्या मानसाचा नाव पुसून तुजा धंदा वाढंल का?”

आवाज ऐकून रसिकाताई पार्लरमधून बाहेर आल्या. मितेशला वाटले, आता आपल्या बाजूचे कोणीतरी आले.

“तुम्हीच सांगा ताई! शटर कोणाचं तोडलं? भीती कोणाला वाटते? हा सेफ्टीचा इश्यू आहे.”

“भीती मला वाटते,” रसिकाताई म्हणाल्या. “रोज वाटते.”

“मंग येक सांग पोरी,” जनीमावशी त्यांच्याकडे वळली. “दोन वरीस उत्तम हितं झोपत व्हता. या दोन वर्षांन येक तरी टाला तुटला? आनि तुटला तवा उत्तम कुटं व्हता?”

रसिकाताई रखमाबाईजवळ गेल्या. खाली बसून त्यांनी तिला हलकेच विचारले, “मावशी, काकांना हॉस्पिटलात कधी नेलेलं?”

“होळीच्या दुसऱ्या दिवशी,” रखमाबाई म्हणाली.

“माझं कुलूप तिसऱ्या दिवशी तुटलं.” रसिकाताईंनी मितेशकडे पाहिले. “आणि तुझं?”

मितेशने फडके या हातातून त्या हातात घेतले. उत्तर त्याला ठाऊक होते. सगळ्या रस्त्याला ठाऊक होते, फक्त कोणी दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. खोकणारा माणूस खोकायचा थांबला, हे आमच्या तेवीस दुकानांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. माझ्या लक्षात आले होते, पण मी पडलो लाकूड. माझ्यावर दुसऱ्याने लिहिले तरच मला बोलता येते.

“म्हणजे काय, आता रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या भरवशावर दुकानं ठेवायची?” मितेश चिडून म्हणाला. “ही काय सिस्टिम झाली?”

खरे सांगतो, त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

“नाही झाली,” रसिकाताई म्हणाल्या. “दिवे बंद आहेत ते लावून घ्यायचे, रात्रीची गस्त मागायची. पण जो होता म्हणून चोरी होत नव्हती, त्यालाच चोर ठरवून कागद पाठवायचा? माझी सही आहे ना त्यावर? काढ ती.”

तेव्हा रखमाबाई उठली. एवढा वेळ तिने वर पाहिलेही नव्हते. ती मितेशसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आम्हाला घर असतं तर तेरावा घरात केला असता. मालकाचं नाव हितं हाय, तर हितंच करनार. मला उचला, सामान उचला, गाडीत घाला. तेरा दिस झाल्यावर. आधी हात लावून तर बघा.”

हात लावायला कोणी पुढे झाले नाही. मितेशच्या हातातल्या फडक्यातून पाणी टपकत होते. ते त्याने जमिनीवर पिळले, घडी केली आणि तो आपल्या दुकानाकडे निघून गेला. इतर दोघे त्याच्याआधीच पांगले होते.

त्या आठवड्यात त्र्यंबकरावांच्या दुकानाच्या फळीवर बसून लोकांनी आपापल्या हरकती लिहिल्या. रसिकाताईंनी लिहिली, औषधवाल्यांनी लिहिली, जनीमावशीने सांगितली आणि त्र्यंबकरावांनी उतरवून घेतली. ‘हटवून नेणार कुठे ते आधी लिहा, रात्रनिवारा कुठे आहे तो दाखवा, मग नियम करा,’ एवढेच बहुतेकांचे म्हणणे होते. मितेशनेही आपल्या दुकानाच्या नावाने पाठिंब्याचे पत्र पाठवले. तो त्याचा हक्क आहे, आणि त्याने ते सगळ्यांना सांगून पाठवले. मंडळाचा ठराव मात्र गेला नाही. शिक्का मारलेला तो एक कागद, ज्याच्या जोरावर रखमाबाईची वळकटी गाडीत पडली असती, मुदतीत पोहोचला नाही. मी अडून उभा राहिलो आणि ठराव अडला. याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

तेराव्याला माझ्या पायाशी एक पणती लागली. जनीमावशीने त्या दिवशी मासळी आणली नाही. औषधवाल्यांच्या घरून जेवण आले आणि रखमाबाईने पहिला घास केळीच्या पानावर कावळ्यासाठी ठेवला.

चौदाव्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे त्र्यंबकरावांनी ओले फडके रखमाबाईच्या हातात दिले. आपल्या दुकानाच्या दारात मितेश खडू घेऊन उभा होता. आता त्याला कोणी अडवू शकत नव्हते. रखमाबाई माझ्याकडे पाहत राहिली. तिला अक्षर येत नाही.

“शेठ, यात त्यांचं नाव कुठलं?” तिने विचारले.

त्र्यंबकरावांनी बोट ठेवून दाखवले. इथून इथपर्यंत.

रखमाबाईने पुसायला सुरुवात केली. ‘दुःखद निधन’ पुसले. वय पुसले. आजार पुसला. पत्तासुद्धा पुसला. कडेकडेने, अगदी सावकाश, भाकरीच्या पिठात बोट फिरवावे तशी ती त्या तीन शब्दांभोवतीने फिरली. मग तिने फडके त्र्यंबकरावांना परत दिले.

“एवढं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. आणि भांडी घासायला निघून गेली.

रस्त्यात सगळे थांबले होते. असा रिवाज कधी नव्हता. नाव ठेवायचा नियम नाही आणि घरच्या माणसाने ठेवलेले नाव पुसायचाही नियम नाही. मितेश माझ्यापुढे आला. मग गुडघ्यावर बसला आणि नावाच्या खाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात त्याने सभेची सूचना लिहिली.

ठरावाची मुदत हुकली होती, पण रस्त्याच्या सुरक्षेवरची ती सभा फार गाजली. दिवे आणि गस्त यावर सगळ्यांचे एकमत झाले. रात्रनिवाऱ्याच्या मागणीवर भांडणे झाली आणि अखेर दोन मतांनी ती मागणी मंजूर झाली. मितेशने विरोधात मत दिले. पालिकेचा मसुदा अजून मसुदाच आहे. उद्या त्याचा नियम होईलही. रात्रनिवारा अजून झालेला नाही. रखमाबाई अजून माझ्याच पायाशी राहते आणि कोणी विचारले तर माझाच पत्ता सांगते.

माझ्यावर अजून ‘पाणी येणार नाही’ हे लिहिले जाते, निकाल लिहिले जातात, पण सगळे त्या नावाच्या आजूबाजूने. जागा कमी पडते म्हणून कुरकुर होते. होऊ द्या. खडू फिकट झाला की त्र्यंबकराव त्याच रेषांवरून पुन्हा हात फिरवतात.

आता येत्या दसऱ्याला मला नवा काळा रंग द्यायचे मंडळात ठरले आहे. फळा जुना दिसतो, स्वच्छ करायला हवा, असे म्हणतात. कोणते डाग काढायचे आहेत ते मला कळते.

मित्रांनो, अशा हकीकतीच्या शेवटी जुन्या वस्तूने ‘मला जपा’ म्हणायचे असते. मी म्हणणार नाही. लाकूड आहे मी, कधीतरी कुजेन, त्याचे एवढे काय! पण जो कोणी ब्रश घेऊन येईल, त्याने आधी ते नाव मोठ्याने वाचावे आणि खाली बसलेल्या बाईकडे बघून मग ब्रश बुडवावा. एवढी एकच अट आहे माझी. तुम्ही त्या वेळी जवळपास असलात तर त्याला ती सांगा.

आतापर्यंत दोन रंगारी येऊन गेले. दोघांनीही नाव वाचले. रंगाचा डबा त्र्यंबकरावांच्या दुकानात न उघडता पडून आहे.